ग्योटिंगन जिल्हा: नाव तेच, पण हद्द नक्की कोणत्या सालची?

मोजणीदार

जर्मनीतल्या नीडरझाक्सन राज्याचे जिल्हावार आकडे 1990 पासून आजपर्यंत एका तक्त्यात लावायला घेतले की ग्योटिंगनच्या ओळीवर घोडं अडतं. 2015 पर्यंत जिल्ह्याचा सांकेतिक क्रमांक 03152, 2016 अखेरीस 03159. लोकसंख्या एका वर्षात अडीच लाखांच्या आसपासवरून सव्वातीन लाखांच्या आसपास. काही तक्त्यांत ग्योटिंगन शहर जिल्ह्याच्या बेरजेत धरलेलं, काहींत त्याची वेगळी ओळ. जुन्या कागदांवर 'हिल्डेसहाइम विभाग', त्यानंतरच्यांवर 'ब्राउनश्वाइग विभाग', आजच्या कागदांवर विभागच नाही.

या जिल्ह्याची हद्द किती वेळा आणि का बदलली? शहर जिल्ह्यात आहे की नाही? आणि सलग आकडे हवे असतील तर बेरीज कशी करायची? जाणकारांनी तारखांसकट लिहावं.

टोपोशीट

क्रमांक बदलला कारण 1 नोव्हेंबर 2016 ला जुना ग्योटिंगन जिल्हा आणि शेजारचा ओस्टरोडे आम हार्ट्स जिल्हा (03156) एकत्र झाले. कायद्याने दोन्ही जिल्हे बरखास्त होऊन एक नवा जिल्हा झाला, म्हणून क्रमांकही नवा. नाव तेवढं जुनं राहिलं. क्षेत्रफळ सुमारे 1118 अधिक 636, म्हणजे 1754 चौरस किलोमीटरच्या आसपास.

दप्तरदार

मुळापासून घेऊ, नाहीतर शहराचा घोळ सुटणार नाही.

हा मुलूख हानोवर राज्याचा. तिथे जिल्हा नव्हता, 'आम्ट' होते. आम्ट म्हणजे आकाराने आपल्या तालुक्यापेक्षा लहान असा प्रशासकीय तुकडा. 1852 पर्यंत महसूल, पोलिस आणि न्यायनिवाडा एकाच आम्टमानच्या हाती असे. त्या वर्षी न्यायालयं वेगळी काढली आणि 1859 मध्ये आम्टांची संख्या कमी केली. 1866 च्या युद्धानंतर प्रशियाने हानोवर गिळलं, पण आम्ट लगेच मोडले नाहीत. 6 मे 1884 ची जिल्हा संहिता 1 एप्रिल 1885 ला अमलात आली, तेव्हा कुठे ग्योटिंगन, म्युंडन, डुडरश्टाट, ओस्टरोडे, नोर्टहाइम, उस्लार हे जिल्हे उभे राहिले. ग्योटिंगन शहर मात्र 'श्टाटक्राइस', म्हणजे जिल्ह्याबाहेरचं, स्वतःच एक जिल्हा असलेलं शहर. त्यामुळे ग्योटिंगन जिल्ह्याची कचेरी ग्योटिंगन शहरात, पण शहर जिल्ह्यात नाही, अशी स्थिती पुढे जवळपास ऐंशी वर्षं होती.

1932 मध्ये प्रशियाने खर्च कमी करण्यासाठी बरेच लहान जिल्हे मोडले. त्यात उस्लार नोर्टहाइममध्ये गेला. ग्योटिंगन, म्युंडन आणि डुडरश्टाट टिकले. 1 जानेवारी 1939 पासून 'क्राइस' (जिल्हा) याऐवजी 'लांडक्राइस' हे नाव सगळीकडे सक्तीचं झालं. तारीख नसलेला छापील अर्ज हाती आला आणि त्यावर 'लांडक्राइस' असेल, तर तो बहुधा 1939 नंतरचा.

मिरजकर_नकाशे

दप्तरदार, एक दुरुस्ती. हानोवर प्रांतात 'क्राइस' हा शब्द 1885 च्या आधीही सापडतो. 1867 च्या वटहुकमाने काही आम्ट आणि शहरं एकत्र करून क्राइस आखले होते. ते मुख्यतः कर आणि लष्करभरतीसाठी होते. रोजचा कारभार आम्टकडेच राहिला. त्यामुळे 1875 च्या कागदावर 'क्राइस ग्योटिंगन' दिसलं तर तो 1885 चा जिल्हा समजू नये. दोन्हींच्या हद्दी जुळत नाहीत.

दप्तरदार

बरोबर आहे, ते राहून गेलं. धन्यवाद.

सायली_ब्रा

आता शहराचं. 1 जुलै 1964 ला 'ग्योटिंगन कायदा' लागू झाला. वेंडे, गाइस्मार, ग्रोने आणि निकोलाउसबेर्ग ही शहराला चिकटलेली गावं शहरात आली आणि त्याच दिवशी शहर जिल्ह्यात गेलं. हे दोन्ही एकत्र का, ते समजून घेतलं पाहिजे. शहराला वाढायला जागा हवी होती. पण वेंडे, ग्रोने, गाइस्मार ही जिल्ह्याची भरलेली, कर देणारी गावं. ती शहराला दिली असती तर जिल्ह्याकडे शहराभोवतीचं खेड्यांचं कडं तेवढं उरलं असतं. म्हणून देवघेव झाली: गावं शहराला, शहर जिल्ह्याला.

1 जानेवारी 1973 ला दुसरा टप्पा आला. म्युंडन आणि डुडरश्टाट हे दोन जिल्हे बरखास्त होऊन ग्योटिंगनमध्ये आले. शहरानेही हेर्बरहाउझन, रोरिंगन, होल्टेन्झन, एलीहाउझन वगैरे गावं घेतली.

टोपोशीट

म्हणजे 1964 पासून शहर हे जिल्ह्यातल्या इतर नगरपालिकांसारखंच झालं, असं म्हणायचं का?

सायली_ब्रा

नाही, आणि सगळा गोंधळ इथेच आहे. त्याच कायद्याने शहराला खास दर्जा दिला. जिल्हामुक्त शहरांना लागू होणारे नियम ग्योटिंगनलाही लागू, कायद्यात वेगळं सांगितलं नसेल तर. आजच्या नीडरझाक्सनच्या स्थानिक स्वराज्य संहितेतही ते कायम आहे. त्यामुळे नकाशावर आणि जिल्हा सभेच्या मतदानात शहर जिल्ह्यात, पण बांधकाम परवाना, परदेशी नागरिकांची नोंदणी, वाहन नोंदणी अशी बरीच कामं शहराचं स्वतःचं कार्यालय करतं.

शहरालगतच्या रोसडोर्फ किंवा बोवेंडनमध्ये खोली घेणाऱ्या विद्यार्थ्यांनी हे आधीच पाहून ठेवावं. बस तीच, विद्यापीठ तेच, पण पत्ता शहराच्या हद्दीबाहेर गेला की निवास परवान्याचा अर्ज शहराकडे चालत नाही, जिल्ह्याकडे करावा लागतो. चुकीच्या कार्यालयात दिलेली फाइल दुसरीकडे पोचायला वेळ लागतो आणि तोवर परवान्याची मुदत संपत येते. भाडेकरारावर गावाचं नाव काय छापलंय ते आधी वाचा.

नदीकाठ

याला उलटे अपवादही आहेत. आरोग्य कार्यालय शहर चालवतं आणि ते संपूर्ण जिल्ह्यासाठी आहे. पशुवैद्यकीय आणि ग्राहक संरक्षण कार्यालय जिल्हा चालवतो, ते शहरासाठीही आहे. कोणतं काम कोणाचं हे अंदाजाने ठरवू नये, प्रत्येक खात्याचं वेगळं पाहावं.

अरविंद_सातारा

यात पैशाची बाजू राहिली. जर्मन जिल्ह्याला स्वतःचा कर जवळजवळ नाही. मुख्य उत्पन्न म्हणजे 'क्राइसउमलागे', नगरपालिका आणि गावांच्या कर-क्षमतेवर टक्केवारीने लावलेली वर्गणी. शहर जिल्ह्यात असल्याने वर्गणी भरतं, पण जिल्ह्याची बरीच कामं स्वतःच करतं. मग त्या कामांचा खर्च कोणी सोसायचा? यावर शहर आणि जिल्हा यांच्यात करार होतात आणि वादही होतात. 1964 चा तोडगा कागदावर सोपा दिसतो, अंदाजपत्रकात दरवर्षी पुन्हा सोडवावा लागतो.

मोजणीदार

हे फार उपयोगी आहे. म्हणजे शहराची वेगळी ओळ देणारे तक्ते चुकीचे नाहीत. ते शहराच्या खास दर्जामुळे वेगळी देतात आणि जिल्ह्याच्या बेरजेतही धरतात. बेरीज करताना शहर दोनदा मोजलं जाऊ नये एवढं पाहायचं. आता विभागांचं कोणीतरी सांगा.

दप्तरदार

1823 पासून हानोवर राज्यात 'लांडड्रोस्टाय' असत. ग्योटिंगन हिल्डेसहाइम लांडड्रोस्टायमध्ये. 1885 ला त्यांचं नाव प्रशियन पद्धतीने 'रेगीरुंग्सबेत्सिर्क', म्हणजे विभाग. 1946 मध्ये हानोवर प्रांत जाऊन नीडरझाक्सन राज्य झालं, पण हिल्डेसहाइम विभाग तसाच चालू राहिला. 1978 मध्ये विभागांची संख्या कमी केली तेव्हा ग्योटिंगन ब्राउनश्वाइग विभागात गेलं. 31 डिसेंबर 2004 ला नीडरझाक्सनने विभाग हा स्तरच बंद केला. बायर्न, हेसन, नोर्टराइन-वेस्टफालन, बाडेन-व्युर्टेंबेर्ग इथे तो अजून आहे.

मिरजकर_नकाशे

बंद झाला तरी क्रमांकात जिवंत आहे, हे मोजणीदारांसाठी महत्त्वाचं. 03159 फोडून पाहा. 03 म्हणजे नीडरझाक्सन. पुढचा 1 म्हणजे ब्राउनश्वाइग विभाग (2 हानोवर, 3 ल्युनेबुर्ग, 4 वेझर-एम्स). शेवटचे 59 म्हणजे जिल्हा. 2016 मध्ये दिलेल्या नव्या क्रमांकातही 2004 मध्ये बंद झालेल्या विभागाचा आकडा आहे, कारण सांख्यिकी खातं ते चार प्रदेश अजून वापरतं. युरोपीय संघाच्या सांख्यिकी प्रदेशांतही ब्राउनश्वाइग 'डीई91' म्हणून आहे. त्यात जुना ग्योटिंगन डीई915, ओस्टरोडे डीई919, आणि विलीनीकरणानंतर डीई91सी. जुन्या-नव्या फायली जोडताना 915 ला थेट 91सी लावलं तर ओस्टरोडेचे सत्तर-एक हजार लोक एका रात्रीत उगवतात.

लेखणीबहाद्दर

थोडं विषयांतर, पण मराठी वाचकांना जवळचं. डेक्कन कॉलेजात 1866 ते 1881 संस्कृत शिकवणारे आणि पतंजलीच्या महाभाष्याची चिकित्सक आवृत्ती काढणारे फ्रान्त्स कीलहोर्न 1882 मध्ये ग्योटिंगन विद्यापीठात प्राध्यापक झाले आणि 1908 ला मृत्यू येईपर्यंत तिथेच होते. म्हणजे ते पुण्याहून आले तेव्हा शहर 'हिल्डेसहाइम लांडड्रोस्टाय'मध्ये होतं आणि तीन वर्षांनी 'हिल्डेसहाइम विभागातलं जिल्हामुक्त शहर' झालं. त्या काळातल्या कागदाच्या शीर्षावर यातलं कोणतं नाव आहे यावरून 1885 च्या आधीचा की नंतरचा, हे ठरवता येईल.

सायली_ब्रा

वा! कीलहोर्न आणि लांडड्रोस्टाय एका वाक्यात पहिल्यांदाच वाचले.

आइक्सफेल्ड

डुडरश्टाटबद्दल कोणीच लिहिलं नाही, म्हणून लिहितो. 1973 च्या विलीनीकरणाची खरी अडचण तिथे होती. डुडरश्टाट आणि भोवतीची गावं म्हणजे उंटरआइक्सफेल्ड. हा मुलूख कित्येक शतकं माइन्झच्या आर्चबिशपचा, त्यामुळे कॅथलिक. भोवती सगळा लुथरपंथी प्रदेश. नेपोलियनच्या काळात 1807 ते 1813 हा भाग वेस्टफालन राज्यात गेला. ग्योटिंगन लाइने विभागाचं मुख्य ठाणं झालं, तर डुडरश्टाट हार्ट्स विभागात, ज्याचं ठाणं हाइलिगेनश्टाट. व्हिएन्ना परिषदेनंतर आइक्सफेल्ड दोन तुकडे झालं: खालचा भाग हानोवरला, वरचा प्रशियाला. 1866 नंतर दोन्ही प्रशियात आले, तरी प्रांत वेगळे राहिले, हानोवर आणि झाक्सन.

1945 मध्ये हीच प्रांतांची रेषा ब्रिटिश आणि सोव्हिएत क्षेत्रांची सीमा झाली आणि पुढे दोन जर्मनींची. 1815 मध्ये मंत्र्यांनी आखलेली रेघ 1989 पर्यंत तारेच्या कुंपणाने राखली गेली. 1973 मध्ये डुडरश्टाट-व्होर्बिस हा सीमानाका उघडला. तिथे टाइस्टुंगन गावात आज सीमेचं संग्रहालय आहे. म्हणजे ज्या वर्षी डुडरश्टाटचा जिल्हा गेला, त्याच वर्षी त्याला पूर्वेकडचं दार मिळालं. तिथल्या लोकांची नाळ ग्योटिंगनपेक्षा हाइलिगेनश्टाटशी जास्त जुळते, ही जिल्ह्याच्या इतिहासातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे असं माझं स्पष्ट मत आहे.

नदीकाठ

सीमेवरूनच पुढे. जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला फ्रीडलांड आहे. 1945 मध्ये ब्रिटिश, अमेरिकन आणि सोव्हिएत क्षेत्रं तिथे जवळजवळ एकमेकांना भिडत होती आणि रेल्वे होती. म्हणून ब्रिटिशांनी सप्टेंबर 1945 मध्ये निर्वासितांची छावणी तिथे उघडली, विद्यापीठाच्या शेती केंद्राच्या जागेवर. आजवर चाळीस लाखांहून अधिक माणसं तिथून गेली.

त्याच महिन्यात, 17 सप्टेंबर 1945 ला, जवळच्या वानफ्रीडमध्ये अमेरिकन आणि सोव्हिएत अधिकाऱ्यांनी काही गावांची अदलाबदल केली. बेब्रा ते ग्योटिंगन रेल्वेमार्गाचा छोटा तुकडा सोव्हिएत भागातून जात होता आणि गाड्या अडत होत्या. म्हणून व्हेर्लेसहाउझन आणि नॉयझेझन ही गावं हेसनमध्ये आली, बदल्यात हेसनची काही गावं थ्युरिंगनला गेली. ही गावं ग्योटिंगन जिल्ह्याची नाहीत, पण जिल्ह्याची रेल्वे चालू राहिली ती यामुळे.

टोपोशीट

ओस्टरोडेची बाजूही तशीच गुंतागुंतीची. बाड झाक्सा आणि टेट्टेनबोर्न ही प्रशियाच्या झाक्सन प्रांतातली, जुलै 1945 मध्ये ब्रिटिश क्षेत्रात आली. व्हाल्केनरीड, व्हीडा, त्सोर्गे ही ब्राउनश्वाइगच्या ब्लांकेनबुर्ग जिल्ह्यातली. तो जिल्हा 1945 ला दोन भागांत फाटला. पश्चिमेचा उरलेला तुकडा ब्राउनलागेहून चालवला गेला आणि 1972 मध्ये बरखास्त झाला. आजच्या ग्योटिंगन जिल्ह्यात हानोवर, ब्राउनश्वाइग आणि प्रशियन झाक्सन असे तीन वारसे एकत्र आहेत.

शिवाय 'हार्ट्स' नावाचं सुमारे 267 चौरस किलोमीटरचं जंगल कोणत्याच गावात मोडत नाही. त्याला ग्रामसभा नाही, मतदार नाहीत. लोकसंख्येची घनता काढताना ते धरलं की ओस्टरोडेकडचा भाग ओसाड वाटतो, वगळलं की भरलेला. कोणतं धरलं ते तळटीपेत लिहा.

अरविंद_सातारा

2016 चं विलीनीकरण झालं कशामुळे? राज्याने गावं आणि जिल्ह्यांशी 'भविष्य करार' नावाची योजना केली होती. जे एकत्र येतील किंवा खर्च आवरतील, त्यांच्या अल्पमुदतीच्या कर्जापैकी 75 टक्क्यांपर्यंत भार राज्य उचलणार. ओस्टरोडेची लोकसंख्या घटत होती. आधी नोर्टहाइमसह तीन जिल्ह्यांची चर्चा होती, नोर्टहाइम बाहेर पडलं. तारीख 1 नोव्हेंबरच का, तर नीडरझाक्सनमध्ये स्थानिक सभांची पाच वर्षांची मुदत 1 नोव्हेंबरला सुरू होते. 11 सप्टेंबर 2016 च्या निवडणुकीत मतदान थेट नव्या जिल्ह्याच्या सभेसाठी झालं, म्हणून मधला तात्पुरता कारभार लागला नाही.

दस्तऐवज_शोधक

लांडराट (जिल्ह्याचा प्रमुख) या शब्दाबद्दल सावध. 1946 मध्ये ब्रिटिशांनी आपल्याकडची पद्धत तिथे लावली: लांडराट हा सभेने निवडलेला मानद अध्यक्ष, आणि प्रशासन 'ओबरक्राइसडिरेक्टोर' या नेमलेल्या अधिकाऱ्याकडे. आपल्या जिल्हा परिषदेत अध्यक्ष आणि मुख्य कार्यकारी अधिकारी असतात, साधारण तसं. 1996 च्या सुधारणेने टप्प्याटप्प्याने दोन्ही पदं एक झाली आणि लांडराट थेट जनतेतून निवडला जाऊ लागला. म्हणून 1930 चा, 1970 चा आणि 2020 चा लांडराट ही तीन वेगळी पदं आहेत. 1970 च्या आदेशावर सही लांडराटची नसून ओबरक्राइसडिरेक्टोरची असेल, तर चकित होऊ नये.

केतकी_पाटी

गाड्यांच्या नंबरपाट्यांवरची जिल्ह्याची अक्षरं राहिली! 1973 नंतर डुडरश्टाटची 'डीयूडी' आणि म्युंडनची 'एचएमयू' (यूवर दोन टिंबं) नव्याने मिळणं बंद झालं. नोव्हेंबर 2012 पासून केंद्राच्या नियमाने जुनी अक्षरं परत देता येऊ लागली आणि ती दोन्ही परत आली. 2016 नंतर ओस्टरोडेची 'ओएचए'सुद्धा चालू राहिली. गेलेले जिल्हे रस्त्यावर अजून धावताहेत :) एचएम मागचं कारण: गावाचं अधिकृत नावच 'हान. म्युंडन' आहे, हानोवरचं म्युंडन.

दस्तऐवज_शोधक

कागदांच्या शोधासाठी क्रम सांगतो, कारण इथे बहुतेक जण चुकतात. आधी गाव आणि साल निश्चित करा. मग त्या सालचा आम्ट किंवा जिल्हा. मगच संग्रह. हानोवरच्या राज्य अभिलेखागारात आम्टांचे कागद 'हान. 74', जिल्ह्यांचे 'हान. 174' आणि विभागांचे 'हान. 180' या गठ्ठ्यांत आहेत. 'आर्सिन्सिस' या सूचीत घरबसल्या शोधता येतं. 'ग्योटिंगन' एवढंच टाकलं तर विद्यापीठ, शहर आणि जिल्हा सगळं एकत्र येतं. गठ्ठ्याचा क्रमांक टाका.

जन्म-विवाह-मृत्यूच्या सरकारी नोंदी प्रशियात 1 ऑक्टोबर 1874 पासून. त्याआधी फक्त वेस्टफालन राज्याच्या काळातल्या थोड्या वर्षांच्या. मधली साठेक वर्षं चर्चच्याच वह्या बघाव्या लागतात: ग्योटिंगनकडे लुथरपंथी, डुडरश्टाटकडे कॅथलिक. जन्मनोंद 110, विवाह 80 आणि मृत्यू 30 वर्षांनी अभिलेखागारात जाते. त्याआधी नोंदणी कार्यालयाकडून फक्त जवळच्या नातेवाइकांना मिळते.

मोजणीदार

सगळ्यांचे आभार. मूळ प्रश्नाकडे येतो. ही पद्धत बरोबर आहे का?

2016 अखेरीपासून 03159 जसाच्या तसा. 1973 ते 2015 साठी 03152 अधिक 03156. 1964 ते 1972 साठी ग्योटिंगन (शहरासह), म्युंडन, डुडरश्टाट आणि ओस्टरोडे. 1964 च्या आधी शहर वेगळं जोडायचं. गाव पातळीवर क्रमांक बदलतात, उदाहरणार्थ ग्योटिंगन शहर 03152012 होतं, आता 03159016.

मिरजकर_नकाशे

1973 पासून पुढे चालेल. 1972 च्या आधी जिल्ह्यांची बेरीज वापरू नका. लिंडाउ हे आइक्सफेल्डचं गाव डुडरश्टाट जिल्ह्यात होतं, पण आज काटलेनबुर्ग-लिंडाउ म्हणून नोर्टहाइममध्ये आहे. उलट व्हाल्केनरीडकडची गावं आज आत आहेत, पण तेव्हा ब्लांकेनबुर्गमध्ये मोजली जात. त्या काळासाठी आजच्या हद्दीतली गावं एकेक करून जोडा. सामटगेमाइंडेची, म्हणजे संयुक्त कारभार असलेल्या गावांच्या गटांची (गिबोल्डेहाउझन, राडोल्फ्सहाउझन, ड्रान्सफेल्ड, हाटोर्फ) बेरीज आणि त्यातल्या गावांचे आकडे दोन्ही घेऊ नका, दुप्पट होतात. राडोल्फ्सहाउझन नावाखाली एबरग्योत्सन, लांडोल्फ्सहाउझन, झेबुर्ग, झॉयलिंगन आणि वाके ही पाच गावं आहेत.

आणि 2011 व 2022 ला आकडा अचानक हलला तर हद्द शोधत बसू नका. ती जनगणनेची दुरुस्ती आहे.

मोजणीदार

व्हाल्केनरीड, व्हीडा आणि त्सोर्गे वेगळ्या रंगात केली, लिंडाउ काढलं. आता 1961 पासून गाववार लावतो आहे.